बांगड्या न वाजलेली दुपार

मित्रांनो, मी एक जुना चिकाचा पडदा. वर शोधू नका, आता मी टांगलेला नाही. अमरावतीच्या एका अंगणात बाजेवर पसरलेला आहे आणि माझ्यावर मुगवड्या वाळताहेत. कावळे येतात, वड्या नेतात. मला काही वाटत नाही. बांबूला काय वाटणार?

माझा जन्म अचलपूरचा. मेळघाटातून आलेला बांबू मैनाबाई बुरडिणीनं चिरला, तासला, त्याच्या बारीक कामट्या काढून सुतानं विणल्या. विकताना ती म्हणाली, "आतल्याले बाहेरचं दिसते, बाहेरच्याले आतलं दिसत नाई. हाच याचा गुण." पुढे आयुष्यभर मी तेवढंच केलं.

मला भगवंतराव देशमुखांच्या गढीत बैठकीच्या दारावर टांगलं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गढीत सारखे पाहुणे, सारख्या गाण्याच्या बैठका. पुढे पुरुष, मागे बायका, मधे मी. माझ्या कामट्यांना कापसाचे तंतू चिकटत, ते कुणी झटकत नसे.

देशमुखीण पार्वताबाईसाहेब माझ्यामागे लोडाला टेकून बसत आणि पहिल्याच आलापाला डुलक्या घेत. जागं राहण्याचं काम त्यांच्या सोबतीच्या मानकरणीचं. तिचं नाव सत्यभामाबाई. तेल्हाऱ्याकडच्या जुन्या देशमुख घराण्यातली. मान मोठा, वैभव ओसरलेलं. ती बाईसाहेबांचं लुगडं काढून ठेवी, विडे लावी, आल्यागेल्या बायकांचं करी आणि उरलेला जीव गाण्यावर टाकी.

तेल्हाऱ्याहून येताना अकोल्याच्या एका देवळात तिनं चंद्रभानबुवांचं गाणं ऐकलं. बुवा म्हातारे, तिरसट, अंगावर धड बाराबंदी नाही. तिनं बाईसाहेबांमार्फत शब्द टाकून त्यांना गढीत आणलं आणि स्वतःच्या चोळीबांगडीच्या उत्पन्नातून तंबोरा घेऊन दिला. बुवांनी तिचा चेहरा कधी पाहिला नाही. नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

पडद्याआडच्या बाईनं परपुरुषाला तोंडानं वाहवा द्यायची नाही, अशी रीत होती. म्हणून गाण्यातली एखादी अवघड जागा सुरेख लागली, की सत्यभामाबाई हातातल्या हिरव्या बांगड्या माझ्या कामट्यांवर हलकेच वाजवी. त्या वाजेपर्यंत बुवा ती जागा सोडत नसत. सगळी बैठक माना डोलावो, बुवा पुन्हा तिथंच.

एकदा एका कापूसवाल्यानं चिडवलं, "काहून हो बुवा, आमची दाद पुरत नाई का तुमाले?"

"तुमची दाद जेवणाच्या घाईची हाय," बुवा म्हणाले. "थ्या बांगड्या खोटं बोलत नाईत."

माझ्यामागे सत्यभामाबाई खुदकन हसली. तेव्हा मला बरं वाटलं होतं, खरंच.

त्या वर्षी तिचे यजमान वामनराव कापसाच्या गाड्यांबरोबर खामगावला गेले आणि पटकीनं तिकडेच वारले. तिच्या बांगड्या फोडल्या. बाकीच्या बायका रडल्या, ती रडली नाही. मोकळे हात मांडीवर ठेवून बसून राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. बुवा तेव्हा अकोल्याला होते. परतल्यावर त्यांना कुणी काही सांगितलं नाही. आतल्या बाईची गोष्ट बाहेरच्या गवयाशी कोण करणार? आणि त्यांनी विचारायचं नाही, हीसुद्धा रीतच.

मग देशमुखांच्या नातवाचं बारसं आलं. जेवणं उरकली, दुपारची बैठक बसली. सत्यभामाबाई खोलीतून बाहेर येईना, तेव्हा बाईसाहेबांनीच तिचा हात धरला.

"चाल वो बाई. पडद्यामागं कोणाले दिसतं तू? घडीभर आयक, जिवाले बरं वाटीन."

बुवांनी ती अवघड जागा घेतली. काय घेतली म्हणून सांगू! सत्यभामाबाईचा हात सवयीनं उठला आणि नुसतं मनगट माझ्यावर आपटलं. थप्प. तेवढा आवाज कोणाला ऐकू जातो? बुवा थबकले. पुन्हा तीच जागा घेतली. मग आणखी एकदा, आणि या वेळी त्यांचा आवाज चिरकला. लोक कुजबुजू लागले. बाईनं पेंगलेल्या बाईसाहेबांचा हात धरून गदागदा हलवला. सोन्याचे गोठ-पाटल्या खणखणल्या.

बुवांनी मान हलवली. "नाई. ह्या थ्या नाईत. ह्या दयेच्या हायेत."

त्यांनी तंबोरा भिंतीला टेकवला आणि माझ्याकडे तोंड करून हात जोडले. "बाई, माहा गळा गेला. तुमी गप रायल्या, मी समजलो."

माझी दोरी बाईच्या हाताशीच होती. एक हिसका दिला असता तर मी सर्रकन वर गेलो असतो आणि बुवांना तिचे हात दिसले असते. तिनं दोरी धरली. मग तिला माझ्यातून पुढे बसलेले दीर दिसले, भाऊबंद दिसले, आणि तिनं दोरी सोडून दिली. बुवांच्या वहाणा अंगण ओलांडून दरवाज्यापर्यंत वाजत गेल्या.

ते पुन्हा कुठे गायले नाहीत, असं बायका बोलत. सत्यभामाबाई माझ्यामागे परत बसली नाही. पुढे कापसाचा भाव पडला, बैठका मोडल्या, मला उतरवून ठेवलं. आधी फार वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, उन्हापावसात टाकू नका, असं मी सांगणार होतो. जाऊ द्या. कुणाचं काही आवडलं तर मात्र तोंड उघडून सांगा. मधे पडदा असला तर दोरी ओढा. रीत काय, उद्याही असेल. माणूस उठून जातो.

माझी दोरी अजून शाबूत आहे. ऊन कललं की या घरची सून वड्या गोळा करते, मला गुंडाळते आणि त्याच दोरीनं बांधते. गाठ मारताना तिच्या बांगड्या माझ्या कामट्यांवर वाजतात. तेवढा वेळ मी बांबू राहत नाही. बुवा, त्या दुपारी जागा लागली होती हो.