तीन ठिकाणची मोजणी

राष्ट्राची प्रगती यापुढे सेकंदांत मोजली जाईल, असं जलद इंटरनेटच्या सरकारी पत्रकावर जाड अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते पत्रक चार घड्या घालून ताईच्या राउटरखाली सरकवलेलं होतं, कारण राउटरचा एक पाय मोडला होता आणि तो डुगडुगत होता. घडीबाहेर एवढंच उरलं होतं— ‘राष्ट्राची प्र’. त्याच्या वर हिरवा दिवा लागत होता, विझत होता, मग बराच वेळ काहीच नाही, जणू काही आठवायचा प्रयत्न चाललाय... मग पुन्हा लागत होता.

ताईचा धाकटा भाऊ खुर्चीच्या कडेवर बसून दिव्याकडे पाहत होता. जाणकाराचा चेहरा करून. हा चेहरा त्याला एकतीस वर्षांच्या नोकरीने दिला होता, आणि निवृत्त होताना ओळखपत्र, छत्री आणि कपाटाची किल्ली परत घेणाऱ्या टेलिफोन खात्याला तो परत मागायचं सुचलं नव्हतं.

“काय म्हणतोय?” ताईने स्वयंपाकघरातून विचारलं. आजाऱ्याबद्दल डॉक्टरला विचारावं तसं.

“बघतोय.”

“कालपासून बघतोयस, धाकट्या. बघून बरा होत असता तर मीच बघितलं असतं. अकराला माझी परीक्षा आहे.”

परीक्षा म्हणजे तासाची तपासणी. ताई अडखळत बोलणाऱ्यांना बोलायला शिकवते. पूर्वी संस्थेच्या खोलीत शिकवायची, संस्थेने खोल्या सोडल्यापासून पडद्यावरून. अकराचा तास एका ग्रंथपालाचा. बोलावं लागू नये म्हणून या गृहस्थांनी ग्रंथालयात नोकरी धरली, आणि तिथे इतके शांत राहिले की त्यांना मुख्य करण्यात आलं. आता त्यांना सभेत स्वतःची ओळख करून द्यायची होती. आज त्यांच्या तासाला संस्थेच्या पर्यवेक्षिकाबाई बसणार होत्या. ताईचे तास ‘तुटतात’ अशा तक्रारी होत्या. आजही तुटला तर तिचे सहाही विद्यार्थी चांगल्या लाइनीच्या शिक्षकांकडे जाणार, आणि ताई... ताई काय करणार? ताईला बसून राहता येत नाही. थिएटरात मध्यंतरापर्यंतसुद्धा येत नाही.

आणि हे सगळं कुणामुळे, तर—

नको. दिवा बघ.

काल ती त्याला खात्याचं उत्तर वाचून दाखवत होती. जलद इंटरनेटच्या राष्ट्रीय योजनेत आमची गल्ली का नाही, असं तिने विचारलं होतं. उत्तर आलं होतं: ‘आपल्या गल्लीत तीन ठिकाणी प्रत्यक्ष मोजणी झाली असून वेग समाधानकारक आढळला आहे.’ ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “समाधानकारक! कुठला गाढव आला होता रे मोजायला? तुझ्या ओळखीतला असेल, विचार की त्याला.” आणि तो म्हणाला होता, “बघतो.” ‘आढळला आहे’ हा त्याचाच शब्दप्रयोग. किती वर्षांपूर्वी घडवलेला, आणि किती प्रेमाने वापरलेला! कुणाला आढळला, ते त्यात येतच नाही.

मला आढळला. दंतवैद्याच्या घरी.

नियम साधा होता. गल्लीच्या तोंडाशी टेलिफोनची पेटी; तिथून तांब्याची तार निघते, आणि जितकी लांब जाईल तितका वेग आटत जातो, वरच्या मजल्यावरच्या नळासारखा. म्हणून प्रत्येक गल्लीत तीन घरं— तोंडाचं, मधलं, शेवटचं— मोजायची आणि सरासरी काढायची. तो तोंडाच्या घरी गेला, ते दंतवैद्याचं निघालं, पंखा होता, पाणी मिळालं, आकडा उत्तम आला. मग तो गल्लीत शिरला आणि चौथ्या घराच्या फाटकाशी एक कुत्रा उभा राहिला. भुंकला नाही. नुसता उभा राहिला, आणि त्याने याच्याकडे असं पाहिलं की इतक्या वर्षांची नोकरी याच्या पोटरीत गोळा झाली. तो परत दंतवैद्याकडे आला. म्हणाला, नियमाप्रमाणे तीन ठिकाणी मोजावं लागतं. आणि मोजलं— एकदा व्हरांड्यात, एकदा प्रतीक्षाकक्षात, एकदा त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत बसून. दंतवैद्याने जाता जाता त्याची अक्कलदाढही पाहिली आणि काढून टाका म्हणाला.

निघताना त्याला दिसलं, कुत्रा साखळीने बांधलेला होता.

इथवर हसण्यासारखं आहे. एखाद्या मित्राला सांगून टाळी घेता आली असती. पण दोन वर्षांनी ताई घर शोधत होती आणि तिने फोन केला— मला शिकवायला चांगलं नेट हवं, कुठली गल्ली घेऊ, तुझ्याइतकं कोणाला कळणार? आणि त्याने आपलाच तक्ता उघडला, बोट फिरवत या गल्लीवर आणलं, आणि आकडा पाहून त्याला अभिमान वाटला... अभिमान! कुत्रा आठवलासुद्धा नाही. खुर्ची आठवली नाही. माणूस स्वतःशी खोटं बोलला तर निदान ते कुठेतरी टोचत राहतं. पण एकदा का ते तक्त्यात गेलं, की मग ती माहिती होते. “डोळे झाकून घे,” तो म्हणाला होता. ताईने डोळे झाकून घेतलं. शेवटचं घर.

“अकरा झाले,” ताई बाहेर आली. केस विंचरलेले, ठेवणीतली साडी, पायांत मात्र घरातल्या सपाता. खिडकीसमोर लॅपटॉप ठेवून बसली. “तू मागे उभा राहा. दिवा गेला तर काय करायचं ते कर. चेहरा मात्र करू नकोस.”

“कसला चेहरा?”

“तोच. लहानपणी बरणी फोडलीस की करायचास तो.”

पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात ग्रंथपाल, कडक इस्त्रीचे, घामेजलेले. दुसऱ्यात पर्यवेक्षिकाबाई, हातात पेन. ताईने नमस्कार केला, आणि तिचा आवाज बदलला. घरात माणसाला सोलून काढणारा तो आवाज एवढा रुंद आणि निवांत होऊ शकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. “सावकाश. घाई फक्त ऐकणाऱ्याला असते. माझ्या ओठांकडे बघा.”

“मी... म... म...” ग्रंथपाल थांबले.

ताई थांबली. मान किंचित कललेली, तळवा मांडीवर उघडा. ती शब्द पुढे करत नव्हती, डोळ्यांनीसुद्धा नाही. तिची सगळी विद्या त्या थांबण्यात होती, आणि त्याच्या लक्षात आलं की ग्रंथपालांचा ओठही हलत नाहीये, पापणीही नाही, पर्यवेक्षिकाबाईंचं पेन हवेतच आहे... माणूस अडला होता की तार? ताईला ते कळायला मार्ग नव्हता. माणूस अडला असेल तर बोलायचं नाही, तार अडली असेल तर बोलायला हवं. हे ती रोज करत असणार. सहाही जणांशी.

चित्र हललं. “...ऐकू येतंय का? बाई, हे नेहमी असंच होतं का?” पर्यवेक्षिकाबाई विचारत होत्या. “दोष नक्की कुणाचा, ते मला लिहावं लागेल.”

त्याचे पाय आपणहून पुढे आले. तो ताईच्या खांद्याशी वाकला, चौकटीत स्वतःचं डोकं उगवलेलं त्याला दिसलं, पिकलेलं, वाकडं. “बाई, हिचा दोष नाही. ती मोजणी... ती मो... मी...”

शब्द अडला. साठी उलटलेल्या, फर्डं बोलणाऱ्या माणसाचा. ताईने मान वळवली. तिने विचारलं नाही, काय रे, कसली मोजणी. मान किंचित कलली, तळवा उघडला. ती त्याच्यासाठी थांबली.

“मी केली ती. तिन्ही एकाच घरात. पुढे कुत्रा होता. बांधलेला होता. तुला सांगितलं तेही त्याच आकड्यावरून. तो गाढव मी.”

बोलून झाल्यावर काहीतरी हलकं व्हायचं असतं, अशी त्याची समजूत होती. काही झालं नाही. पडद्यावर पर्यवेक्षिकाबाई तोंड अर्धवट उघडून गोठल्या होत्या. कबुली पोचली असेल किंवा नसेल, पहिल्या शब्दाशी तुटली असेल, ‘कुत्रा’ तेवढंच गेलं असेल. हिरवा दिवा विझला होता. ताई ज्या नजरेने पाहत होती तीत राग सापडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती अजून थांबलेलीच होती, जणू वाक्य संपलेलं नाही, पुढे आणखी काहीतरी आहे आणि ते त्यालाच काढायचंय... आणि होतंही, हे त्याला तेव्हा जाणवलं, खाली कुठेतरी, तिन्ही ठिकाणांच्या खाली, पण त्याला शब्द नव्हता.

दिवा लागला. ग्रंथपाल हलले. “म... मी...” ते म्हणत होते, मघाचंच की नवीन, कळत नव्हतं.

ताई पडद्याकडे वळली.

“सरक जरा,” ती हळूच म्हणाली. “त्यांना माझे ओठ दिसू देत.”