मेव्हण्याच्या हातातला दोर

हे सारे घडले ते साल एकोणीसशे तेरा. दिग्गीच्या डोंगरात त्या वर्षी कारवी फुलली होती. कारवी कितीतरी वर्षांनी एकदा फुलते, आणि ती फुलली की थंडी पडेपर्यंत कड्यावरची पोळी मधाने जड होऊन लोंबू लागतात. मित्रांनो, त्या कड्यावरून माणसाला खाली सोडणारा, केवणीच्या सालीचा दोर म्हणजे मी. आता फार जुना झालो आहे.

मला वळले कान्हूने. त्याने केवणीच्या फांद्या सोलून साल ओढ्यात कुजत घातली, बडवली, वाळवली आणि ओसरीवर बसून मांडीवर वळली. पीळ भरताना दुसरे टोक त्याची थोरली मुलगी पारू धरायची. तिचे लग्न ठरले होते. आमच्या त्या वाड्यांची रीतच तशी होती. जावई कड्यावर मध काढणारा असेल तर त्याला दोर द्यायचा तो सासऱ्याने, आणि कड्याच्या माथ्यावर तो दोर धरून बसायचे ते बायकोच्या भावाने. बहिणीचे कुंकू ज्याला जपायचे आहे, तो दोर सोडणार नाही, एवढाच त्यातला हिशोब. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर देऊन कुणी खाली उतरत नसे.

असा मी पारूबरोबर लखूच्या घरी आलो. पारूचा भाऊ झिलू माझा धरणारा झाला. पुढची काही वर्षे माझी फार चांगली गेली. भाताची मळणी संपली की थंडीत ही मंडळी कड्यावर निघत. लखू, झिलू, लखूचा मित्र उमाजी, पारू, आणि नको म्हटले तरी मागून येणारी तिची धाकटी बहीण फुला. पहाटे निघायचे, कारण उन्हे वर येईपर्यंत माशा थंडीने बधिर असतात, धुराला लवकर हटतात. माझे एक टोक माथ्यावरच्या ऐनाच्या बुंध्याला बांधायचे, दुसरे लखूच्या कमरेला. मध्ये झिलू पाय रोवून बसायचा. एकदा ओढले की दोर सैल सोड, दोनदा ओढले की वर घे. कड्यावर बोलायचे नाही, माशा उठतात. म्हणून सारे बोलणे माझ्यातूनच व्हायचे.

"एकदा मला धरू दे की," कड्याकडे जाताना वाटेत उमाजी म्हणायचा.

"तुला?" लखू म्हणायचा. "मधाचा वास आला की तू दोर सोडशील आणि पोळं धरशील."

"मग तुझी एखादी भैन दे मला. तू उतरायचं सोड, मी उतरतो, तू धर."

"माझी भैन तुला दिली तर तीच दोर कापंल," लखू म्हणायचा, आणि पारू तोंडावर पदर धरायची.

मध काढून झाला की सगळे डोंगराच्या दुसऱ्या अंगाने खाली यायचे. त्या उतारावरचे गवत थंडीत वाळून गुळगुळीत होते. पोफळीच्या झावळीचे रुंद बूड असते ना, ज्याला विरी म्हणतात, त्यावर बसायचे आणि सुटायचे. खालच्या ओढ्यापर्यंत घसरत जायचे. पारू नेहमी पहिली. उमाजी नेहमी उलटा व्हायचा आणि उलटा होऊनही आपणच जिंकलो म्हणायचा. मी लखूच्या खांद्यावर गुंडाळलेला असायचो. वाडीतले लोक मला हात लावून बघायचे, कान्हूच्या वळण्याची तारीफ करायचे. घरी आल्यावर पारू मला चुलीवरच्या लाकडी मांडवीला टांगायची. धुराने मला कीड लागत नसे.

एकोणीसशे तेराच्या भाद्रपदात पारू हिवतापाने गेली. तिला मूल नव्हते.

त्यानंतर मी चुलीवर तसाच टांगलेला होतो, पण चूल रोज पेटत नव्हती. लखू शेतावर जायचा, यायचा, समोर ठेवलेले खायचा. रडताना मी त्याला पाहिले नाही. मलाही काही वाटत नव्हते. दोराला काही वाटत नसते असे लोक म्हणतात, आणि त्या दिवसांत मला ते खरे वाटू लागले होते.

लेक मूल न ठेवता गेली तर दोर माहेरी परत जायचा, अशीही रीत होती. थंडी पडल्यावर कान्हूने झिलूला पाठवले. फुला बरोबर आली. उमाजी तिथेच बसला होता.

"दोर न्यायला आलोय, दाजी," झिलू दारातूनच म्हणाला.

"न्हे," लखू म्हणाला. "पण कारवी फुललीया. एकदा उतरतो, मग न्हे."

"आणि धरणार कोण?"

"कुणीबी धरा."

उमाजीने थट्टा करायला तोंड उघडले आणि मिटले. झिलू उंबऱ्यावर टेकला. "अक्का होती म्हणून मी धरायचो," तो म्हणाला. "आता कशासाठी धरायचं, तूच सांग."

"काही कारण न्हाई," लखू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे कड्यावर गेले. झिलू बसला तो नेहमीच्याच जागी. दगड इतका गार होता की त्याच्या तळहातांची ऊबही मला लागत नव्हती. लखू कडेवरून खाली उतरला. त्याने धूर धरला, पोळी कापली, टोपली भरली. उमाजीने ती दुसऱ्या बारीक दोरीने वर घेतली. मध भरपूर निघाला. आता दोनदा ओढायचे आणि वर यायचे, एवढेच उरले होते.

लखूने ओढले नाही. कड्याच्या पोटात एक अरुंद कपार होती, तिच्यात तो बसला. मी त्याच्या कमरेशी होतो, म्हणून पुढचे मला ठाऊक आहे. वर कुणाला ते दिसत नव्हते. त्याने गाठीला हात घातला. एका बाजूने ढकलली, मग दुसऱ्या बाजूने. त्याची बोटे गारठून काष्ठ झाली होती, त्यांना गाठ सुटेना. तो चिडला नाही, घाई केली नाही. एखाद्या बैलाचे जू सोडावे तसा सावकाश खटपट करत राहिला. खाली दरी होती. धुके होते. एवढेच.

त्याची ती खटपट माझ्या अंगातून वर झिलूच्या हातात पोचत होती. ती एकदा ओढल्याची खूण नव्हती, दोनदा ओढल्याची नव्हती. झिलूने मला एक हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. उत्तर नाही. मग त्याने माझा कमरेभोवती वेढा घेतला आणि मला ताणून धरले, इतके की माझी गाठ आणखी आवळली गेली. कितीही वेळ लागला तरी हा सोडणार नाही, हे मला त्याच्या पकडीवरून कळले.

उन्हे कड्याच्या माथ्याला लागली. माशा हलू लागल्या.

"ओढा की त्याला," फुला कुजबुजली.

"त्यानं धरल्याबिगर ओढलं तर दगडावर आपटंल," उमाजीही कुजबुजला.

तेव्हा झिलूने आजवर कुणी न मोडलेला नेम मोडला. तो कडेवर ओणवा झाला आणि साध्या आवाजात, शेजाऱ्याशी बोलावे तसा, खाली बोलला.

"दाजी, मी दोर न्यायला आलोय. रिकामा न्हेणार न्हाई."

त्याने मला मनगटाला आणखी एक वळसा दिला.

"हितं बसलोय मी. माझं हात सोलल्यात. घरला जायचंय मला, पण तू वर आल्याबिगर जात न्हाई."

लखूचा हात गाठीवरून निघाला. बराच वेळ तो नुसताच गुडघ्यावर पडून होता. मग त्याने मला धरले. एकदा ओढले. थांबला. दुसऱ्यांदा ओढले.

तिघांनी मिळून त्याला वर घेतले. माशांनी उमाजीच्या कानाला आणि फुलाच्या मनगटाला डंख केले, पण तोंडातून कुणी आवाज काढला नाही. लखू माथ्यावर गवतात बसला आणि झिलूच्या तळहातांकडे बघत राहिला. कातडे निघाले होते. माझ्या पिळात रक्त शिरले होते.

"धरायचं कारण न्हवतं तुला," लखू म्हणाला.

"न्हवतं," झिलू म्हणाला, आणि मला गुंडाळू लागला.

घरी जायची वाट तीच होती, म्हणून सगळे विरीवर बसूनच उतरले. कुणी शर्यत लावली नाही. लखू मध्येच कलंडला, गवतात लोळत गेला आणि तिथेच उताणा पडून राहिला. फुला त्याच्याशेजारी थांबली. "दाजी, उमाजीदादाला हरवलंस आज. तो अजून उलटा व्हायचाय," ती म्हणाली. लखू हसला नाही, पण उठला.

रीतीप्रमाणे मी कान्हूच्या घरी गेलो. त्याने मला हातभर हातभर चाचपले, रक्त पाहिले, कुणाचे ते विचारले नाही. पुढच्या वर्षी थंडी पडताच तोच झिलूला म्हणाला, "दोर घेऊन जा त्याच्याकडं." आता नाते उरले नाही, मग हा का धरतो, असे वाडीत चार लोक बोलले. पुढे तेही बोलायचे थांबले. दर थंडीत झिलू मला खांद्यावर टाकून जायचा आणि मध काढून झाला की परत आणायचा.

कान्हू दोन पावसाळ्यांनी गेला. उमाजी कॅसलरॉकला रेल्वेच्या मजुरीवर लागला, तिकडेच त्याने लग्न केले; त्याची बायको माळरानातली, त्यामुळे त्याचा दोर धरायची पाळी तिच्या भावांवर कधी आली नाही. फुला खानापूरकडे दिली. माहेरी आली की ती म्हातारपणीही विरीवर बसून उतार उतरायची आणि सुना लाजायच्या. लखूने दुसरे लग्न केले नाही. डोळे अधू होईपर्यंत तो कडा उतरला, आणि मग एका शिमग्याला आपल्या घरात, अंथरुणावर गेला. झिलू सगळ्यांत मागे राहिला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची वाकडी झाली होती.

त्याच्यामागे मला कुणी धुरावर टांगले नाही. आता मी गोठ्याच्या कोपऱ्यात ओल्या जमिनीवर आहे. उंदरांनी एक पीळ कुरतडला आहे. मित्रांनो, दोर वापरला की वाळवा, उंच टांगा, त्याच्यावरून ओलांडून जाऊ नका. एवढे केले तरी तो तुमच्या नातवंडांना पुरेल. आणि तुम्ही कधी खाली एकटेच बसला असाल, आणि वर कुणी दोर धरून बसले असेल, तर त्याला फार वेळ ताटकळत ठेवू नका.