झिजलेल्या घोंगड्याची सावली

जोतिराममास्तरांनी प्रवासी गाडीच्या बाजूला सावलीसाठी ऑनलाइन मागवलेलं कापडी छत पहिल्याच दिवशी उडालं आणि शेजारच्या गुरप्पाच्या बाभळीवर जाऊन बसलं. तसं छत दिसायला झकास होतं. निळं-पांढरं, खोक्यावर समुद्राकाठी बसलेल्या गोऱ्या जोडप्याचं चित्र. पण मंद्रूपचा फाल्गुनातला वारा काही समुद्रावरून येत नाही. तो दुपारी माळावरून उठतो आणि आडवा सुटतो. कापडात वारा भरला, गाडीला जोडलेल्या नळ्या मोडल्या आणि मास्तर दोरी धरून अंगणभर फरफटले.

ओट्यावर बसून केराबाईनं सगळं पाहिलं. एरवी ती पोट धरून हसली असती. आज हसली नाही, कारण पुढं काय ऐकायला मिळणार ते तिला ठाऊक होतं.

"आई, आता जायचं रद्द," मास्तर धूळ झटकत म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुझं. डॉक्टरांनी उन्हाला जपायला सांगितलंय. गाडीचा पत्रा तापतो, आत बसवत नाही, आणि बाहेर सावली टिकत नाही. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर कुणाला नेशील? मला, का माझ्या हार घातलेल्या फोटूला?"

मास्तरांनी मोडक्या नळ्या गोळा करायला घेतल्या.

केराबाईचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. दरसाल मंद्रूपहून निघायचं, माळशिरस-अकलूजकडं जायचं आणि ऊस तुटलेल्या रानात कळप बसवायचा. शेतकऱ्याला खत मिळायचं, मेंढरांना पाला. नवरा बिरप्पा कळपाबरोबर पुढं, ही घोड्यावर संसार लादून मागं. मुक्कामाला पोचलं की घोंगड्यांचं पाल उभारायचं, तीन दगडांची चूल मांडायची. त्या पालातच जोतिराम रांगायला शिकला. पुढं मेंढरं विकली, पोरगा शाळामास्तर झाला, घरावर स्लॅब पडला आणि बिरप्पा गेला.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी जुनी टेम्पो-गाडी घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली. कॅराव्हॅन म्हणायचे तिला. "आई, पहिली फेरी तुझी. कुठं जायचं सांग," म्हणाले. ती गाणगापूर म्हणेल, तिरुपती म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "अकलूजच्या रानात. ऊस तुटायचा हंगाम हाय तवर." आणि हंगाम आता संपत आला होता.

"छत मी निवडते," केराबाई उठलीच. "तू निसती गाडी काढ."

सोलापुरात गुरुसिद्धप्पाचं ताडपत्री-कनातीचं दुकान होतं. मास्तर आईला तिथं घेऊन आले. त्यांची बायको विजयमाला पाण्याची बाटली आणि सासूचा काळा चष्मा सांभाळत मागं होती. मास्तरांनी हँडल फिरवलं की उघडणारं गुळगुळीत छत पसंत केलं. केराबाईनं ते दोन बोटांत धरून चोळलं.

"ह्याचं झबलं शिवलं तर पोरगं बी गारठंल. दुसरं काढ."

तिसऱ्या-चौथ्या गठ्ठ्यानंतर तिला हवं ते सापडलं. जाड, खाकी, एका माणसाला न उचलणारं कॅनव्हास. तिनं त्याच्यावर थाप मारली. "ह्याला म्हन्त्यात कापड! आमचं पाल असं व्हतं. लोकरीचं, जाडजूड. वाऱ्याची काय टाप व्हती हलवायची?"

"आज्जी, जाड कापड वारा अडवतंय," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "अडवलं की ओढतंय. नळ्या तग धरायच्या न्हाईत."

"तुला रं काय वाऱ्याचं? पंख्याखाली बसून धंदा करतूस."

"मग पंखाच लावू की!" तो हसला.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यानं नळ्यांच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणलं आणि लग्नमंडपात लावतात तो पुरुषभर उंचीचा पंखा समोर आणून सुरू केला. कॅनव्हास गाभण मेंढीच्या पोटासारखं फुगलं. सांगाडा कण्हला, एक पाय उचलला आणि सगळं लटांबर शेजारच्या खुर्च्यांच्या थप्पीवर जाऊन आदळलं. विजयमालानं पदर तोंडात कोंबला.

"नळ्या हलक्या हायेत तुझ्या," केराबाई म्हणाली. पण आवाज बसला होता. मास्तर घड्याळ बघायला लागले होते, आणि त्या बघण्याचा अर्थ तिला कळत होता. चला, घरी जाऊ.

गुरुसिद्धप्पानं शेवटचं म्हणून शेडनेट आणलं. डाळिंबाच्या रोपांवर घालतात ती हिरवी-काळी जाळी, दाट विणीची.

"भोकाभोकाचं? मी काय टमाट्याचं रोप हाय व्हय रं?"

"खाली बसून तर बघा."

मास्तरांनी खुर्ची ठेवली. ती बसली, ती नाइलाजानं. पंखा सुरू झाला. जाळी थरथरली, गुणगुणली आणि जागच्या जागी राहिली. वारा तिच्यातून गाळून खाली आला आणि केराबाईच्या गालाला लागला. तिनं मान वर केली. काळ्या चष्म्यातूनही उजेडाचे दाणे दिसत होते. बारीक, असंख्य, हलणारे.

तिला माळशिरसचं रान आठवलं. लग्नानंतरचं पहिलं साल. माहेरचं नवंकोरं घोंगडं तिनं मिरवायला म्हणून पालावर टाकलं होतं. वारा आला आणि पाल, काठ्या, घोंगडं, सगळं बांधापलीकडं गेलं. सासू मायाक्का हसून हसून खाली बसली होती. म्हणाली होती, "नवं अंगावर घे गं. वर झिजलेलंच घालायचं. वाऱ्याला वाट नगं व्हय?" मग केराबाईनं झिजलेली घोंगडी जोडून नवं पाल शिवलं. त्याच्या विरळ लोकरीतून रोज चांदण्या दिसायच्या. बिरप्पा कळपाभोवती फेरी मारून येऊन पडायचा आणि वर बोट करून म्हणायचा, "ती लांबकानी मेंढी. तिच्या मागं तिचं कोकरू." इतकी वर्षं ती लोकरीचा जाडपणा तेवढा सांगत आली होती. भोकं विसरूनच गेली होती.

"गुंडाळ," ती म्हणाली. "हेच घ्यायचं."

"आई, नक्की?"

"मघाधरनं काय सांगतीया मी? आमचं पाल असंच व्हतं."

"पण आत्या, मघाशी तर तुम्ही जाड..." विजयमाला बोलून गेली.

"तू पाणी दे."

चार दिवसांनी अकलूजजवळच्या ऊस तुटलेल्या रानात गाडी उभी राहिली. पाचटाचा गोडसर वास होता. लांबवर कुणाची तरी मेंढरं चरत होती, आणि केराबाई त्यांच्या घंटांचा आवाज ऐकत जाळीखाली घोंगड्यावर आडवी झाली होती. दुपारी वारा उठला. मास्तर दचकून दोरीकडं धावले.

"बस," ती म्हणाली. "धरू नगंस. जाऊ दे त्याला."

जाळी गुणगुणली. वारा आरपार निघून गेला. मास्तर थोडा वेळ दोरीजवळ उभे राहिले, मग येऊन आईशेजारी आडवे झाले. उजेडाचे दाणे दोघांच्या अंगावर हलत होते.

"आई," वर बघत ते म्हणाले, "आप्पा पाय पालाबाहेर काढून झोपायचे ना गं?"

"त्येंचं पाय मावतच नव्हतं आत."

 हळूच सरकून मास्तरांनी आपले पाय सावलीबाहेर उन्हात काढले.

केराबाईनं तिरक्या नजरेनं पाहिलं. "बूट काढ की आदी," ती म्हणाली.