तुळसाबाईचं पाचवं लुगडं

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे. नागपुरात गोळीबार चौकामागच्या गल्लीत, ईश्वरदासच्या पुढच्या खोलीत, जमिनीतल्या खड्ड्यावर मी कितीतरी वर्षं ठाण मांडून आहे. वय विचारू नका. ते मोजायला बसलेली पाल म्हातारी होऊन भिंतीवरून पडली. मी थोडं फुगवून सांगतो, हे आधीच कबूल करतो. जुनं लाकूड फुगतंच. पण ह्यातलं दुखणं मात्र खरं आहे.

मला रामाजी सुताराने सागाच्या एका झाडातून घडवलं. त्या झाडावर इतके पोपट बसत, की मला तासताना तीन दिवस हिरवा भुसा निघत होता. तरुणपणी माझा धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी, असा सुसाट धावे की एकदा खिडकीतून बाहेर पडला, चौकात पान खाऊन परत आला. त्या दिवशीच्या लुगड्याचा काठ लाल निघाला. बायकांनी पुढे दहा वर्षं तोच काठ मागितला.

ईश्वरदासचे वडील ती लुगडी खांद्यावर टाकून नरखेडकडच्या खेड्यांत जात. संत्र्याच्या बागेतल्या बाया लुगडं ठेवून घेत आणि पैसे दर महिन्याला थोडे थोडे देत. सहा महिन्यांत लुगडं फिटे. "एका लुगड्यापायी सहा खेपा, म्हणजे सहा वेळा पाणी भेटते," असं ते हसून म्हणत. ही चाल लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला.

मग यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं आणि माझे दिवस फिरले. ईश्वरदास धंतोलीतल्या एका दवाखान्यात चौकीदार झाला. त्याच्या बायकोने, रुख्माबाईने, माझ्यावर आधी गोधडी टाकली, मग पापड, मग लोणच्याची बरणी. खड्ड्यात मांजर व्याली. अख्ख्या महालाची वस्त्रं विणणारा मी, मांजरीच्या पिलांचा पाळणा झालो. (महाल मी कधी पाहिला नाही. असो.)

मागच्या वर्षी सून ऋतुजाने मोबाईलवर दुकान उघडलं. लुगड्यांचे फोटो टाकले, भाव टाकला. एकच प्रश्न भरायचा राहिला आणि तिची कामावर जायची वेळ झाली. "मामाजी, तेवढं तुम्ही भरा," असं सासऱ्याला सांगून ती गेली. प्रश्न असा होता : ग्राहकाकडून पैसे एकदाच घ्यायचे, की दर महिन्याला?

ईश्वरदासला बाप आठवला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. "अवं, पाहा न," तो बायकोला म्हणाला, "ह्या मोबाईललेही आपली चाल मालूम आहे! गरिबाकडून एकदम कायले घ्या?" आणि त्याने 'दर महिन्याला'वर बोट ठेवलं.

दुकानाला बिचाऱ्याला खेडी ठाऊक नव्हती, पाणी ठाऊक नव्हतं. ते दर महिन्याला पूर्ण लुगड्याचे पैसे कापू लागलं, आणि दर महिन्याला नवं लुगडं धाडायचा हुकूम देऊ लागलं.

माझ्यावरची बरणी उतरली. पहिल्या महिन्यात अकरा लुगडी. दुसऱ्या महिन्यात त्याच अकरा नावांची अकरा. ईश्वरदासने चौकीदारी सोडली, भाचा प्रीतम याला जोडीला घेतलं. पाळीपाळीने दोघे मला पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत हाणत. "लोकायले याड लागलं आपल्या कापडाचं!" तो गल्लीभर सांगे. मला वाटलं, आपलं राज्य परत आलं. पण राज्य करायला हाडं लागतात, मित्रांनो. माझा एकेक सांधा कुरकुरू लागला, ईश्वरदासचा गुडघा त्याला साथ देऊ लागला. मोबाईल माझ्याच खुंटीला पिशवीत टांगलेला असे. त्यावर एक लाल ठिपका उगवला होता. सून कधी विचारी, "सगळं बरोबर आहे न, मामाजी?" तो म्हणे, "एकदम!" ठिपका त्याला शुभाची टिकली वाटली. ते न वाचलेले निरोप होते.

पाचव्या महिन्यात, एका संध्याकाळी, दारात कापडी पिशवी घेऊन एक म्हातारी उभी राहिली. कन्हानच्या तुळसाबाई.

"जय भीम. ईश्वरदास तूच का गा?"

"जय भीम, बाई. या, बसा."

"बसाले नाही आली. चार लुगडे वापस कराले आली." तिने पिशवी माझ्या पुढ्यात रिकामी केली. पांढरी शुभ्र, निळ्या काठाची, माझीच चार लेकरं. "दसऱ्याले दीक्षाभूमीवर नेसाले एक घेतलं होतं म्या. एक! तू तं धाडूनच राहिला. माह्या अंगाले का दहा खांदे आहेत?"

"म्हनजे तुमी मागवले नाही?"

"काहून मागवीन? माह्या पेन्शनीतून आपोआप कटून राहिले पैसे. धंतोलीत डोयाचं ऑपरेशन ठरलं होतं, दोनदा पुढं ढकललं. उद्या पुन्हा कटते म्हने, तं आता तिसऱ्यांदा ढकलू? दुकानात कितीदा लिहून धाडलं नातीकडून. कोनी वाचत नाही!"

ईश्वरदासचा पाय माझ्या पावडीवर, म्हणजे पायपट्टीवरच, थिजला. साठ वर्षांत त्याच्या घराने कुणाचं एक सूत जास्त घेतलं नव्हतं. मित्रांनो, यंत्रमागाने मी मोडलो नव्हतो, पण त्या क्षणी माझा मधला आडवा खांब चिरकला. खोटं वाटत असेल तर भेग येऊन पाहा.

ऋतुजा तेवढ्यात कामावरून आली होती. तिने खुंटीवरच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि लाल टिकलीवर बोट ठेवलं. एकशे चार निरोप होते.

तिने आधी दुकानाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'दर महिन्याला' काढलं आणि 'एकदाच' ठेवलं. ईश्वरदासने सुस्कारा सोडला.

"झालं नाही, मामाजी. हे फक्त पुढं येणाऱ्यांसाठी. जुने अकरा जण चालूच आहेत. एकेकाचं नाव उघडून बंद करावं लागते."

"म्हनजे उभ्या सुताचा नवा ताना लावला, तरी विनलेलं तसंच राहते."

"हो. ते हातानं उसवावं लागते."

"मंग दे इकडं. म्या विनलं, मीच उसवतो."

त्याचं बोट सुताने घासून इतकं टणक झालं होतं की मोबाईल ते ओळखेना. रुख्माबाई ओलं फडकं घेऊन शेजारी बसली. तो दाबी, ती बोट पुसे. प्रत्येक नावापाशी मोबाईल विचारी, 'नक्की बंद करायचं?'

"पाह्य वं," ईश्वरदास थकून म्हणाला, "आता अकरा-अकरा वेळा विचारून राहिला! चालू करताना एकदा तं विचारतास, बापा!"

तुळसाबाई त्या रागातही फसकन हसल्या.

अकरावं नाव बंद झालं तेव्हा चुलीवरचा चहा आटून गेला होता. मग त्याने सुनेला सांगितलं, "ज्याचे जेवढे जास्तीचे घेतले, तेवढे वापस धाड. सगळ्यायचे."

"मामाजी, मग आपल्याकडं काही उरत नाही."

"चौकीदारीची काठी उरते न," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. माझ्यावर तुळसाबाईंचं न मागितलेलं पाचवं लुगडं, पुढच्या महिन्यासाठी आधीच लावलेलं, अर्धंच राहिलं होतं, ते तसंच ताणून राहिलं. रुख्माबाईने बरणी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत फळीवर ठेवली. तेवढे तिचे उपकार मानतो.

महिन्याभराने, एका रविवारी, काळा चष्मा लावून तुळसाबाई परत आल्या. ऑपरेशन झालं होतं. त्यांनी चष्मा जरासा उचलला, माझ्यावर वाकल्या आणि निळ्या काठावरून बोट फिरवलं.

"हा निया एवढा निया होता? मले तं काळाच वाटे गा!" मग जरा थांबून म्हणाल्या, "हे कोनाचं?"

"तुमचंच होतं. आता कोनाचं नाही."

"मंग पुरं कर. माह्या नातीले, नंदिनीले, पाह्यजे. आता मी सोता मागून राहिली. पन पैसे एकदम नाही जमत बापा. दर महिन्याले येऊन थोडे थोडे देईन."

ऋतुजाचा हात सवयीने मोबाईलकडे गेला.

"राहू दे, पोरी. ह्याले बटन नाही लागत," ईश्वरदास म्हणाला, आणि आत तोंड करून ओरडला, "अवं, तुळसाबाईले पानी आन!"

मित्रांनो, मी फार थकलो आहे. भेगेत सुतळी बांधून कसाबसा उभा आहे. पण न मागितलेल्या चव्वेचाळीस लुगड्यांनी जो शीण आला, तो ह्या मागितलेल्या अर्ध्या लुगड्याने येत नाही. एवढंच मागणं आहे : कुठेही 'हो' म्हणण्याआधी दोनदा वाचा, लाल ठिपका दिसला तर उघडून पाहा, आणि घरात एखादं जुनं लाकूड कोपऱ्यात उभं असेल तर त्याच्यावर बरणी ठेवताना जरा हळू ठेवा.

दोन हात विणायचं उरलं आहे. आणि पाण्याच्या पाच खेपा.