अधांतरी डब्याखालचा हात

गोदामात माणसांचा लोट उसळला होता. व्यासपीठावर रेल्वेच्या डब्याची बैलाएवढी लोखंडी प्रतिकृती चार बोटे अधांतरी तरंगत होती. दोन्ही बाजूंना उभ्या काचा, समोरची फट मोकळी; खाली ना चाक, ना टेकू.

"मंत्रबळ!" अधांतरीबाबा गरजला. "उद्या अख्ख्या गाड्या अशाच धावतील, विजेशिवाय! डब्याखाली हात घाला, मेलेली नस जिवंत होईल!"

माझी बहीण मागे हात जोडून उभी होती. भावोजी आपल्या मुलीचा जन्मापासून लुळा असलेला हात त्या फटीत सरकवणार, तोच मी तिला मागे खेचले.

"मामा, दुखतंय!"

"दुखू दे, बाळ. भावोजी, दारात सगळ्यांची घड्याळं-किल्ल्या का काढून घेतल्या?"

"मोह बाहेर ठेवायचा असतो. तुमची मास्तरकी शाळेत करा."

बुटात लपवलेली किल्ली मी फटीशी नेली. ती बोटांतून हिसकली गेली आणि व्यासपीठाच्या फळीला घट्ट चिकटली.

"फळीखाली विजेवर चालणारे चुंबक आहेत," मी ओरडलो. "डब्याच्या तळाशीही चुंबक आहेत, दोन्ही एकमेकांना लोटतात. बाजूच्या काचा डब्याला घसरू देत नाहीत. मंत्रांचा गोंगाट फक्त यंत्राची घरघर झाकायला!"

"नास्तिक! हाणा त्याला!" बाबा किंचाळला. भक्त माझ्यावर तुटून पडले.

पहिल्या ठोशात दात गेला, दुसऱ्यात मी कोसळलो. बरगड्यांवर लाथा बसू लागल्या.

"थांबा! ह्यांना मीच दाखवतो," म्हणत भावोजींनी स्वतःचा उजवा हात कोपरापर्यंत फटीत घातला.

"भावोजी, काढा तो!"

कोणीतरी माझ्यावर फेकलेला बाक हुकला आणि व्यासपीठामागच्या पडद्याआडच्या स्विचबोर्डवर आदळला. ठिणग्या उडाल्या आणि डबा कोसळला. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यामागोमाग भावोजींची किंकाळी.

"श्रद्धा कमी पडली!" म्हणत बाबा मागच्या दाराकडे सरकला. माझ्या बहिणीने त्याची दाढी धरली.

"श्रद्धा कमी पडली, की वीज?"

मग तेच बाक, त्याच मुठी बाबाकडे वळल्या. तोंडातले रक्त थुंकून मी ओरडलो, "त्याला पोलिसांकडे द्या! आधी डबा उचला, माणूस खाली अडकलाय!"

भावोजींचा हात वाचला नाही.

चुंबकावर गाडी तरंगते, हे सत्य आहे. म्हणूनच हे असत्य खपले. परंतु खऱ्या गाडीला स्वतंत्र मार्ग लागतो, अफाट खर्च लागतो, वीज लागते. आणि वीज गेल्यास प्रवाशांचे काय, या प्रश्नाचे उत्तर अभियंत्याला गाडी धावण्यापूर्वी द्यावे लागते. बाबाला तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. वाचकहो, विचारा. उत्तराऐवजी कोणी मूठ उगारली, तर आपल्या मुलांचा हात धरून तिथून बाहेर पडा.