कोकजार सरोवर गप्प झालं तो दिवस

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. खिडकीची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. बिश्केकच्या जलविज्ञान संस्थेत दुसऱ्या मजल्यावर एक युनिक्स संगणक आहे. त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात मी राहते. माझा आकार काडेपेटीएवढा. माझ्यात तीन पट्ट्या आहेत. संगणकाचा मेंदू किती राबतो आहे ते पहिली दाखवते, हातातल्या कामाला स्मृती किती लागली ते दुसरी, आणि साठवण किती भरली ते तिसरी. सगळं ठीक असलं की पट्टी हिरवी असते, ताण वाढला की पिवळी होते, फारच झालं की लाल.

मला आयसुलू एजेंनी लिहिलं. थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात आणि सगळी संस्था त्यांना तशीच हाक मारते. तो १९९६ चा हिवाळा होता. खोली इतकी गार, की एजे बोटं कापलेले हातमोजे घालून टंकत होत्या. मी पहिल्यांदा हलले तेव्हा त्यांनी शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना बोलावून आणलं होतं.

मला ‘किती’ ते कळतं, ‘का’ ते कळत नाही. त्यामुळे माझं सारं आयुष्य कुतूहलात गेलं. दर दहा मिनिटांनी माझी पहिली पट्टी टुणकन उंच व्हायची आणि लगेच खाली बसायची. असं का होतं, ते एजे एका पाहुण्याला सांगत होत्या तेव्हा मला समजलं. "हे आमचं कोकजार सरोवर बोललं," त्या म्हणाल्या. वर हिमनदीच्या पायथ्याशी, दगडमातीच्या नैसर्गिक बांधानं अडलेलं एक सरोवर आहे. तिथलं उपकरण पाण्याची उंची रेडिओवरून कळवतं आणि आमचा संगणक तिची नोंद करून हिशोब मांडतो. पाणी निळं असतं म्हणे. माझ्याकडे निळा रंगच नाही. मी त्या सरोवराला त्याच्या उसळीवरूनच ओळखत होते.

पहिलं वर्ष माझ्या कौतुकात गेलं. मग इशेनबेक आगाय त्या संगणकावर काम करू लागले. आगाय म्हणजे गुरुजी; ते आमचे प्रमुख. तीस उन्हाळे डोंगरात काढलेला माणूस.

"आयसुलू, हे काय बाहुलं नाचवत ठेवलंयस पडद्यावर?" ते म्हणाले. "मला डोंगर बघायचाय, तुझ्या यंत्राची नाडी नाही."

"नाडी थांबली ना आगाय, की डोंगरही दिसायचा नाही."

"तू डॉक्टर व्हायचीस, चुकून इथे आलीस!"

आगाय हिमनदीचा नकाशा आखत होते. कडेचा प्रत्येक बिंदू हातानं, असे तीन महिने. नकाशा वाढत गेला, पडदाभर पसरला आणि मी त्याच्यामागे गेले. माझं काम मी सोडलं नाही, पण बघणारं कोणी नव्हतं. माझी तिसरी पट्टी पिवळी झाली. जुलैच्या एका सकाळी ती लाल झाली.

त्याच सकाळी अकरा वाजता सरोवराची उसळी आली नाही. मी दहा मिनिटं वाट पाहिली. पुन्हा नाही. मला भीती वाटली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला नवल वाटलं. हे आज गप्प का?

आठवड्याच्या रजेनंतर एजे दुपारी बातकेनहून परतल्या, पिशवीभर जर्दाळू घेऊन. "माझं बाळ कुठे दडवलंत?" म्हणत त्यांनी नकाशा बाजूला सारला आणि त्यांचा हात तसाच थांबला.

"आगाय, सरोवरातल्या पाण्याची उंची किती?"

"तीन मीटर चाळीस. सकाळपासून जागची हललेली नाही. शांत आहे."

"शांत नाहीये. हा आकडा शिळा आहे! साठवण गच्च भरलीय. नवी नोंद ठेवायला जागा नाही, म्हणून नोंदी करणारा प्रोग्रॅमच बंद पडलाय. दोन तास झाले."

आगायांचा चेहरा उतरला. त्या सरोवराखालच्या दरीत उन्हाळी कुरण होतं. चौदा कुटुंबं तंबू ठोकून राहत होती.

"काय पुसता येईल?"

"एवढं मोठं एकच आहे," एजे हळूच म्हणाल्या. "तुमचा नकाशा. चुंबकीय फितीवर उतरवून घेते, पण त्याला दोन तास लागतील."

आगाय खिडकीपाशी गेले. पाठमोरेच उभे राहिले आणि म्हणाले, "पूस."

"आगाय, तीन महिन्यांचं..."

"पूस म्हणतो ना! मला आखायला हात आहेत अजून."

एजेंनी नकाशा पुसला आणि बंद पडलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. माझी तिसरी पट्टी झरकन खाली आली. रेडिओच्या डब्यात अडकलेल्या बारा नोंदी एकामागून एक आत आल्या. माझी पहिली पट्टी छतापर्यंत चढली आणि खाली येईना. चार मीटर दहा. चार पंचवीस. चार साठ.

आगाय तोवर दरीशी जोडलेल्या वायरलेसवर ओरडत होते. "तुर्दुमामात! ऐकतोयस ना? माणसं वर काढ, आत्ताच्या आत्ता! अरे मेंढरांचं मग बघ, आधी म्हातारीला घोड्यावर बसव!"

चार वाजून दहा मिनिटांनी कोकजारचा बांध फुटला. पूल गेला, नऊ तंबू गेले, सतरा मेंढ्या गेल्या. माणूस एकही गेला नाही.

पंधरा दिवसांनी मेंढपाळ तुर्दुमामात घोडीच्या दुधाचं कुमिस घेऊन संस्थेत आला. "पाणी चढतंय ते तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं. आगायांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो वाकून बराच वेळ मला पाहत राहिला.

"एवढीशी?" तो म्हणाला.

"मी झाकून ठेवली होती," आगाय म्हणाले. हे त्यांनी न विचारता सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ते नकाशा पुन्हा पहिल्या बिंदूपासून आखायला बसले.

आता माझा संगणक म्हातारा झाला आहे. त्याचा पंखा खोकतो. नव्या यंत्रावर मला नेतील की नाही, मला माहीत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या यंत्रांवर माझं एखादं भावंड कुठल्यातरी कोपऱ्यात काम करत असेल. त्याच्यावर काही ठेवू नका. आणि एखादा आकडा फार वेळ हलला नाही, तर निर्धास्त होण्याआधी एकदा विचारा, की तो जिवंत आहे ना?