मुखरूची अर्धी गोळी

मार्कंड्याजवळच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत राहणाऱ्या मुखरूचं डोकं छप्पन सालच्या उन्हाळ्यात फिरलं. नदीतून कोणी हाक मारतं, असं तो म्हणायचा. झोप नाही, जेवण नाही. एक दिवस त्यानं बायकोवर, रंभावर, कोयता उगारला. शेजाऱ्यांनी त्याला बांधलं, नावेनं वैनगंगा ओलांडली आणि मोटारीनं चांद्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. सर्पगंधेच्या मुळीतून काढलेलं नवं औषध आहे म्हणाले, आणि मुळीचा तुकडा दाखवला. रंभानं तो लगेच ओळखला. पावसाळा सरला की ठेकेदारासाठी ती हीच मुळी खणायची. मुळी कडू असते एवढंच तिला माहीत होतं.

पंधरवड्यात हाका थांबल्या. घरी आलेला मुखरू सांगितलं तर जेवायचा, सांगितलं तर निजायचा. नाक कायम चोंदलेलं. जाळं मांडीवर घेऊन बसायचा, पण गाठ मारायची राहून जायची. रंभाला आधी बरंच वाटलं. घरात निदान भीती नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याची आई सोनीबाई वारली. त्यानं तिरडी बांधली, खांदा दिला, परत येऊन पुढ्यातला भात खाल्ला. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी रंभानं विचारलं, "मायसाठी काईच नाई वाटत तुमाले?"

"वाटाले पायजे," तो म्हणाला. "शोधून राह्यलो. सापडून नाई राह्यलं."

ती त्याला पुन्हा चांद्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. काहींना या औषधानं असं होतं म्हणाले, गोळी अर्धी केली, आणि हाका आल्या तर थांबू नका, लगेच या, असं बजावलं.

परतताना नावेत रंभा त्याच्याजवळ सरकून बसली. "हाका आल्या तं?"

"तुले सांगीन."

दिवाळीनंतर एकदा त्यानं सांगितलं, हाक लांबून आल्यासारखी वाटली. पुन्हा आली तर उजाडताच चांद्याला निघायचं ठरवून दोघं रात्रभर अंगणात बसून राहिले. हाक पुन्हा आली नाही. हिवाळ्यात तो जाळं घेऊन तलावावर मासे धरायला जाऊ लागला. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तिच्यावर खेकसला, आणि रंभा तोंड फिरवून रडली. किती महिन्यांनी तो कशावर तरी चिडला होता.

आईसाठी मात्र तो कधीच रडला नाही.